डिकी बघितलीत का?

डिकी! डिकीच तेवढी बघायची राहिली होती ना माझी! अहो, तुम्हाला सांगतो, गेल्या चार महिन्यांत मी आरशात तोंड बघितलं नसेल इतक्या वेळा त्या डिकीत डोकं घालून बघितलंय, पण नाही! माणूस भेटला, गाडीचा आवाज त्याच्या कानावर पडला, की झालंच... मान तिरकी करणार, एक डोळा बारीक करणार, आणि आजवर जगात कुणाला सुचलं नाही ते फक्त आपल्यालाच सुचलंय अशा थाटात विचारणार, "जॅक सैल असेल हो. डिकी बघितलीत का?" इमारतीच्या वॉचमननं विचारलं. पेपर टाकणाऱ्यानं विचारलं, तो सायकलवर फिरतो! दातांच्या डॉक्टरनं विचारलं... मी खुर्चीत आडवा, तोंड उघडं, तोंडात त्याचे दोन्ही हात आणि वर एक नळी, आणि हा म्हणतो, "काल तुमची गाडी ऐकली आमच्या गल्लीत. डिकी बघितलीत का?" आता मी काय उत्तर देणार? मी म्हटलं, "आँ." तो म्हणाला, "बघा, बघा एकदा."

बघितली हो! बघितली, उपसली, झाडून घेतली, पुसून घेतली! जॅक काढून घरात नेला. आत्ता या क्षणी तो आमच्या पलंगाखाली आहे, जुन्या चपलांच्या शेजारी, आणि केर काढताना रोज त्याला पायाचा अंगठा आपटून बायको जे काय बोलते ते जॅकला उद्देशून असतं असं ती म्हणते. स्टेपनी गॅलरीत. पाने स्वयंपाकघराच्या माळ्यावर. त्या डिकीत आता एक टाचणी शिल्लक नाही, पंक्चर झालं तर मी रस्त्यात बसून रडणार, दुसरा काही मार्ग नाही... आणि तरीही गाडी स्पीडब्रेकरवरून गेली की पुढून डावीकडून, टडक्! खड्ड्यातून गेली की, टडक्-टुक! आणि वळली की एखादं दार अर्ध्यात अडकावं तसं, कुईंऽऽऽ!

आता तुम्ही म्हणाल, विकून टाका ना! बरोबर, म्हणणारच. बावीस वर्षांची गाडी, कशाला ठेवायची? फार सोपं असतं हो, दुसऱ्याची गाडी विकणं! तर ऐका. मागच्या वर्षी माझ्या आईचं खुब्याचं ऑपरेशन झालं. वय वर्षं अठ्ठ्याहत्तर. ऑपरेशन उत्तम झालं, काठी घेऊन सगळीकडे हिंडते, पण डॉक्टरांनी एक सांगितलं, बसताना कंबर गुडघ्याच्या खाली जाता कामा नये. म्हणजे बुटक्या सीटवर बसायचं नाही. आणि उंच पायरी चढायची नाही. आता जरा रस्त्यावरच्या गाड्या बघा! एक तर जमिनीला पोट घासत चाललेल्या, नाही तर दुमजली! टॅक्सी बोलावली, ती एवढी खोल की आई वाकून आत बघून म्हणाली, "हिच्यात बसतात की झोपतात?" माझ्या मेहुण्यानं, म्हणजे बायकोच्या धाकट्या भावानं, हौसेनं आपली नवी गाडी आणली, तर तिच्यात चढायला आईला स्टूल लागलं, आणि चढल्यावर ते स्टूल कुठे ठेवायचं यावर अर्धा तास चर्चा. आणि आमची ही बावीस वर्षांची म्हातारी... दार उघडलं, आई पाठमोरी उभी राहिली, आणि बसली! सीट बरोबर तिच्या मापाची. जणू खुब्याच्या डॉक्टरनंच गाडी बनवली होती. मग विकू? सांगा, विकू?

आणि आईला गाडी कशाला लागते? शनिवारी. फक्त शनिवारी. शहराच्या दुसऱ्या टोकाला माझी मावशी राहते, आईपेक्षा दोन वर्षांनी मोठी. तिचे गुडघे गेलेत, डोळे अधू झालेत, कानांनीही अंग काढून घेतलंय, ती घराबाहेर पडत नाही. आई शनिवारच्या पेपरातलं शब्दकोडं घेऊन तिच्याकडे जाते. आई प्रश्न वाचणार, मावशी उत्तर देणार, आई "चूक" म्हणणार, भांडण, मग मावशीचं बरोबर निघणार. गेली सोळा वर्षं! माझे वडील गेले तेव्हाचे दोन आणि ऑपरेशननंतरचे काही शनिवार सोडले तर एक चुकला नव्हता. तुम्ही म्हणाल फोनवर करा. केलं! आई इकडून ओरडली, "आडवं सात! चार अक्षरी! जहाजाचा मालक!" मावशी म्हणाली, "कोण मेलं?" आई परत ओरडली, आणि आमच्या वरच्या मजल्यावरच्या बाईंनी खिडकीतून उत्तर दिलं. दुसऱ्या दिवसापासून त्या जिन्यात भेटल्या की आईकडे बघून हसतात, आईला ते अजिबात आवडत नाही.

तर आमच्या घरापासून मावशीच्या घरापर्यंत चौदा स्पीडब्रेकर आहेत. मी मोजलेले नाहीत, आईनं मोजलेत, खुब्यानं. गाडी खडखडायला लागली तशी ती खिडकीच्या वरची मूठ दोन्ही हातांनी धरून बसायची, डोळे मिटून. टडक्... "आई गं!" टडक्... "आई गं!" चौदा जाताना, चौदा येताना. आणि एका शनिवारी सकाळी मी तयार होऊन किल्ली घेऊन उभा, तर ही खुर्चीत बसून कात्रीनं कोडं कापतेय. म्हटलं, "चल ना." म्हणाली, "नको रे. आता नाही जमत." आणि ते कात्रण तिनं टीव्हीखाली ठेवून दिलं. पुढच्या शनिवारी दुसरं. मग तिसरं. काही बोलली नाही, तक्रार नाही, काही नाही! एरवी चहात साखर अर्धा चमचा कमी पडली तर दोन पिढ्यांचा उद्धार करणारी बाई! मला ते टीव्हीखालचे कागद बघवेनात, तुम्हाला सरळ सांगतो. बातम्या लावल्या तरी माझं लक्ष खालीच.

म्हटलं, आता दुरुस्तीच करायची. हे मी घरात बोललो, आणि ते मेहुण्यानं ऐकलं. तिथेच माझे ग्रह फिरले! "भावजी, गॅरेजवाल्याकडे कशाला जाता? मी आहे ना!" हा माणूस विम्याच्या ऑफिसात बसतो. पण मोबाइलवर त्यानं व्हिडिओ बघितले होते. चार! "सोप्पं आहे हो. शॉकअप बदलायचे, खालच्या आर्मचे, म्हणजे चाक धरणाऱ्या दांड्याचे, बुश बदलायचे, चार बोल्ट इकडे, चार बोल्ट तिकडे, रविवारी दुपारच्या चहापर्यंत मोकळे." रविवारी सकाळी इमारतीखाली आम्ही दोघं. गाडी पुढून उचलली, खाली लाकडाचे ठोकळे, चाकं काढली, आणि पहिला बोल्ट. बावीस वर्षं त्या बोल्टाला कुणी हात लावला नव्हता, त्यानं का म्हणून उठावं? तेल घातलं. हातोडी घातली. पान्याला लांब पाइप लावून मेहुणा त्याच्यावर लोंबकळला, अक्षरशः दोन्ही पाय जमिनीवरून उचलून, आणि वरून सगळी इमारत गॅलरीत उभी! पहिल्या मजल्यावरून एक गृहस्थ दाढी करता करता, अर्ध्या तोंडाला फेस, खाली वाकून मला काय विचारतात? गाडीची चाकं काढलेली, मी ग्रीसनं काळा झालेलो, मेहुणा पाइपाला लोंबकळतोय, आणि हे विचारतात, "काय हो... डिकी बघितलीत का?"

असो. दुपारचा चहा झाला, संध्याकाळचा झाला, आणि अंधार पडायच्या आत बुश बसले. बुश म्हणजे काय माहितीये का तुम्हाला? मलाही नव्हतं. लोखंडाची एक नळी, तिच्यात रबर, रबराच्या आत आणखी एक नळी, आणि तिच्यातून बोल्ट. मुठीएवढी वस्तू, पण चाकाचा सगळा हिसका ते रबर खातं. तर मेहुण्यानं ते सगळे बोल्ट, गाडी हवेत असताना, चाकं लोंबत असताना, असे काही आवळले... गळ्याच्या शिरा फुगवून! "भावजी, आता हे आयुष्यात सुटणार नाहीत!" मी त्याची पाठ थोपटली. थोपटली, हे लक्षात ठेवा.

गाडी खाली उतरवली. आवाज? बंद! एकदम बंद! फक्त गाडीचं नाक जरा वर आलं होतं, कुणाचा तरी अपमान करायला निघाल्यासारखं. मेहुणा म्हणाला, "नवीन माल आहे ना, बसेल हळूहळू." पुढच्या शनिवारी मी आईला जवळजवळ हाताला धरून बसवलं. "आई, बघ आता, लोण्यासारखी चालेल!" पहिला स्पीडब्रेकर... आवाज नाही, पण अख्खी गाडी लाकडी पाटासारखी एका दणक्यात उडाली आणि आई सीटवरून वीतभर वर! तिसऱ्या स्पीडब्रेकरला ती फक्त एवढंच म्हणाली, "आधी निदान सांगून दणका द्यायची." पाचव्याला मी गाडी मागे फिरवली. आणि पाच आठवड्यांत, फक्त पाच, हो का... टडक्! टडक्-टुक! कुईंऽऽ! पहिल्यापेक्षा मोठ्यानं! मेहुण्याला फोन केला. म्हटलं, आवाज परत आला. तर पलीकडून म्हणतो, "भावजी... जॅक परत डिकीत ठेवलात का?"

मी फोन ठेवला. ठेवला कसला, आपटलाच.

शेवटी गेलो गॅरेजमध्ये. आमच्याच रस्त्याला, कोपऱ्यावर, चालत चार मिनिटं. इतके दिवस का नाही गेलो म्हणाल, तर तिथल्या मिस्त्रींना सगळे प्रोफेसर म्हणतात, आणि का म्हणतात ते सगळ्यांना माहिती आहे. साठीचा माणूस, चष्मा दोरीनं गळ्यात, आणि समजावून सांगितल्याशिवाय पान्याला हात लावत नाही. तुम्ही म्हणा, ऑइल बदला. ते म्हणणार, "बदलू. पण ऑइल म्हणजे काय?" त्यात मी चष्म्याच्या दुकानात डोळे तपासतो. दिवसभर लोकांना खुर्चीत बसवून विचारतो, "ही काच बरी की ही? एक नंबर की दोन नंबर?" आणि लोक वैतागतात, "अहो, दोन्ही सारख्याच दिसतात!" त्या सगळ्यांचा सूड त्या दिवशी प्रोफेसरांनी घेतला. मला गाडीत बसवलं, स्वतः बाहेर उभे राहून बॉनेटवर भार देऊन गाडी हलवली, आणि म्हणाले, "नीट ऐका. हा टक आहे... की टुक?" म्हटलं, "टक." परत हलवली. "आणि हा?" "हा... टुक." "नक्की? परत ऐका. पहिला... की दुसरा?" म्हटलं, "अहो, दोन्ही सारखेच वाटतात!" शब्द तोंडातून गेला आणि मलाच माझी लाज वाटली.

मग त्यांनी गाडी उचलली, खाली गेले, बॅटरी मारली, आणि बराच वेळ नुसती मान हलवत राहिले. बुश काढून माझ्या हातात दिला. पाच आठवड्यांचं नवं रबर, आणि फाटून त्याच्या चिंध्या! "हे आवळलं कुणी?" म्हटलं, "मेहुण्यानं." "चाकं हवेत असताना?" म्हटलं, "मग काय पाण्यात असताना?" त्यांना विनोद कळत नाही. चष्मा डोळ्यांवर चढवला, माझी हनुवटी धरली आणि मान अशी, डावीकडे, पार खांद्यापर्यंत फिरवली. "साहेब, आता असेच राहा. असेच जेवा. असेच कामावर जा. असेच झोपा. पाच आठवड्यांनी तुमच्या मानेचं काय होईल?" म्हटलं, "सोडा हो!" "सोडतो. पण कळलं का? गाडी हवेत असली की चाक खाली लोंबतं. तुम्ही तेव्हाच बोल्ट आवळलात, रबर तिथेच पकडलं गेलं. गाडी जमिनीवर टेकली, आर्म वर गेला, आणि रबर बिचारं पिळलेलं! बसल्या जागी पिळलेलं! ते काय हिसका खाणार? म्हणून शेवटचं आवळायचं ते गाडी चाकांवर उभी करून. आणि मी तर," इथे त्यांनी बोट वर केलं, "मी तर रोजची माणसं आत बसवून आवळतो."

"म्हणजे?"

"म्हणजे तुमच्या गाडीत रोज कोण कुठे बसतं तेवढं वजन त्या त्या जागी पाहिजे. घाबरू नका, माणसं आणायची गरज नाही. प्रत्येकाचं वजन सांगा, तेवढ्या वाळूच्या गोण्या ठेवतो."

झालं! मी आपला भोळेपणानं घरी आलो आणि बायकोला विचारलं, "अगं, तुझं वजन किती?" काय चुकलं माझं? सांगा ना, काय चुकलं? तिनं हातातलं काम ठेवलं. "का हो?" म्हटलं, "प्रोफेसरांना सांगायचंय." "कुणाला?" "मिस्त्रींना. गॅरेजमधल्या. तेवढी वाळू भरायचीय..." त्यापुढे पाच मिनिटं मी काही ऐकलं नाही, म्हणजे ऐकलं सगळं, पण इथे सांगण्यासारखं नाही. शेवटी म्हणाली, "त्या माणसाला माझं वजन कळायची काही गरज नाही, मी स्वतः येऊन बसते!" आणि आतल्या खोलीतून आई. तिला वर्षानुवर्षं हाका मारून ऐकू जात नाहीत, पण हे गेलं! "काय म्हणाला तो? माझ्या जागी गोणी ठेवणार? वाळूची?" म्हटलं, "आई, थोडा वेळच गं..." "अठ्ठ्याहत्तर वर्षांत माझी कुणी गोणी नव्हती केली! काठी आण माझी!" तीन महिने जी बाई गाडीचं नाव काढू देत नव्हती, ती स्वतःच्या पायांनी, काठी आपटत, गॅरेजच्या दिशेनं निघाली. बरोबर पर्स. म्हटलं, पर्स कशाला? म्हणाली, "रोजचं वजन म्हणालाय ना? मग पर्स धरून." पर्समध्ये काय होतं ते मला नंतर कळलं.

प्रोफेसरांनी तोवर सगळे भाग बदलून ठेवले होते, दोन्ही बाजूंचे बुश, बॉल जॉइंट, शॉकअपच्या वरची रबरं. गॅरेजमध्ये जमिनीत एक लांबट खड्डा आहे, गाडी त्याच्यावर उभी, चाकं दोन्ही बाजूंना जमिनीवर टेकलेली, आणि मिस्त्री खाली खड्ड्यात. मी चालकाच्या जागी, बायको शेजारी, आई मागे डावीकडे. खालून आवाज आला, "सगळे रोजच्यासारखे बसा! हलू नका! बोललात तरी चालेल!" बोललात तरी चालेल... ही त्या माणसाची आयुष्यातली सगळ्यात मोठी चूक.

कारण आईनं काही खड्डा बघितलाच नव्हता. तिला वाटलं, मिस्त्री पाना आणायला गेलेत. दोन मिनिटं झाली, पाच झाली. "हा गेला कुठे? एवढा वेळ? कामचुकार दिसतो." मी आरशातून खुणा करतोय. "खुणा काय करतोस? खरं तेच बोलतेय. चष्मा गळ्यात आहे, डोळ्यांवर नाही, तेव्हाच मी ओळखलं. झोपला असेल कुठेतरी." आणि तिच्या पायांखालून, गंभीर आवाजात, "जागा आहे, माई." आईनं दोन्ही पाय वर घेतले! "अगं बाई! गाडी बोलली!" बायको हसायला लागली, तिच्यामुळे मी हसायला लागलो, गाडी गदागदा हलायला लागली, आणि खालून प्रोफेसर, "हलू नका! अहो, रबर पिळेल! हसायचं असेल तर एका वेळी एकानं हसा!" मग त्यांचा तो मापाचा पाना, ताण बरोबर झाला की 'कट्' वाजतो. कट्! आई म्हणाली, "मोडलं." कट्! "दुसरंही मोडलं." कट्! "सांगत होते, नवीन घ्या." आणि सगळं होत आलं, शेवटचा बोल्ट राहिला, तेव्हा ती पुढे वाकली, काठीनं गाडीच्या तळावर दोनदा ठोकलं, आणि खाली बघून, अगदी आपुलकीनं, "अहो मिस्त्री, आता तिथे खाली आहातच तर... जॅक सैल आहे का तेवढं बघा. यानं डिकी बघितलेली नाही."

खड्ड्यात पाना खाली ठेवल्याचा आवाज आला. मग प्रोफेसर म्हणाले, "माई, डिकी वर असते." आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी एखादी गोष्ट एका वाक्यात समजावून सांगितली.

चाकांची दिशा सरळ करून घेतली आणि लगेच येणारा शनिवार. सकाळी बघतो तर आई पर्स घेऊन दारात उभी. टीव्हीखाली एकही कागद नाही. तेव्हा कळलं, पर्समध्ये काय होतं ते. बारा शनिवारांची बारा कात्रणं, रबर लावून. ती गॅरेजमध्येसुद्धा बरोबर घेऊन बसली होती.

निघालो. पहिला स्पीडब्रेकर. मी आरशात बघतोय, रस्त्याकडे कमी आणि आरशात जास्त. आईच्या दोन्ही हातांत ती वरची मूठ, डोळे गच्च मिटलेले. गाडी चढली... उतरली. काही नाही. आईनं एक डोळा उघडला. दुसरा स्पीडब्रेकर, काही नाही. तिसऱ्याला तिनं एक हात सोडला. पाचव्याला दुसराही सोडला आणि मांडीवर पर्सवर ठेवला. बायकोनं माझ्या हातावर हळूच हात ठेवला. मागून "आई गं" नाही, दणका नाही, शब्द नाही... दहाव्या स्पीडब्रेकरनंतर मी म्हटलं, "आई, बघितलंस?" उत्तर नाही. "आई?" आरशात बघतो तर मान एका बाजूला कललेली, तोंड किंचित उघडं, आणि शांत, संथ, घोरतेय!

आता तुम्हाला सांगतो, माझी आई दिवसा झोपत नाही. हे आमच्या घराण्यात शिलालेखात कोरल्यासारखं आहे. मावशी दुपारी डोळा लावते, त्यावरून सोळा वर्षं आई तिला टोमणे मारते, "तू म्हातारी झालीस गं. मी नाही बाई दुपारी आडवी होत." आणि ही इथे सकाळी अकराला! मावशीची इमारत आली. मी गाडी थांबवली, इंजिन बंद करायला गेलो तर आई चुळबुळली. पटकन परत सुरू केली, परत घोरायला लागली. बायको कुजबुजली, "उठवा ना." म्हटलं, "तू उठव." "माझी आई आहे का?" "सासू कुणाची आहे?" मग दोघांनी मागे वळून बघितलं. ऑपरेशन झाल्यापासून रात्रीची ती किती झोपते, आम्हाला माहिती आहे. बायको म्हणाली, "राहू दे. एक फेरी मारा."

एक फेरी मारली. मग दुसरी. पाचव्या फेरीला कोपऱ्यावरचा शिंपी दुकानाबाहेर आला. आठव्या फेरीला त्यानं हात वर करून नमस्कार केला. अकराव्या फेरीला शेजारचा हार्डवेअरवालाही येऊन उभा राहिला आणि दोघं आपसांत काहीतरी ठरवू लागले. पेट्रोलचा काटा खाली, मी घामानं ओला, आणि चौदा तर झालेच, वर आणखी किती स्पीडब्रेकर झाले देव जाणे, एकावरही त्या बाईची पापणी हलली नाही! वर घरात मावशी, बारा शनिवार वाट बघून झाल्यावर, आणखी एक तास वाट बघतेय. शेवटी एका कुत्र्यानं कृपा केली, तो मोठ्यानं भुंकला, आई दचकून उठली, पदर सारखा केला आणि म्हणाली, "आलं का? किती हळू चालवतोस!"

वर गेलो. मावशी दारातच खुर्ची टाकून बसलेली, कानामागे हात. "एक तास उशीर! एक तास! होतात कुठे तुम्ही?" मी म्हणणार होतो. माझ्या जिभेवर होतं, मावशी, आई झोपली होती! एवढंच तर सांगायचं! पण आईनं माझ्याकडे बघितलं. अशी नजर मी शाळेत असताना शेवटची बघितली होती. आणि मग ती मावशीच्या कानाशी वाकली आणि ओरडली, अगदी सगळ्या मजल्याला ऐकू जाईल असं, "काय सांगू तुला! गाडी! याची ती खटारा गाडी! रस्ताभर नुसता आवाज! जीव मुठीत धरून आले बाई!"

मी उभा. जी गाडी आयुष्यात पहिल्यांदा गप्प बसली होती, जिच्यासाठी मी ग्रीस खाल्लं, मान पिळून घेतली, बायकोचं वजन विचारलं... तिच्यावर! मावशीनं माझ्याकडे बघितलं. मान तिरकी केली. एक अधू डोळा बारीक केला. मी मनात म्हटलं, नको. मावशी, तू नको!

"बाळा," मावशी म्हणाली, "जॅक सैल असेल रे. डिकी बघितलीस का?"

बायको भिंतीकडे तोंड करून उभी राहिली, तिचे खांदे हलत होते. आई पर्समधली बारा कात्रणं रबर काढून मावशीच्या मांडीवर एकेक मांडत होती, आणि दोघींच्या तोंडावर... जाऊ दे. मी म्हटलं, "नाही मावशी. बघतो." लिफ्टनं खाली गेलो. शिंपी आणि हार्डवेअरवाला बघत होते. डिकी उघडली. आत काही नाही, तळाचा पत्रा आणि त्याच्यावर माझ्या दुकानाची एक जुनी पावती. जॅक घरी पलंगाखाली. मी त्या रिकाम्या डिकीत डोकं घालून बरोबर दोन मिनिटं उभा राहिलो, डिकी लावली, वर आलो आणि मावशीच्या कानाशी ओरडलो, "होय गं मावशी, तोच होता! केला घट्ट!"

मावशी खूश. आणि आई कोड्यातून मान वर न करता म्हणाली, "चार महिने मी दुसरं काय सांगतेय?"